एनक्लेक्स-पीएन परीक्षेसाठी लागणारं क्लिनिकल ज्ञान

एनक्लेक्स-पीएन ही अमेरिकेत प्रॅक्टिकल नर्स व्हायची लायसन्स परीक्षा. साधारण वर्षभराचा कोर्स करून ही परीक्षा पास झालं की एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) होता येतं, कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये याच नर्सला एलव्हीएन (लायसन्स्ड व्होकेशनल नर्स) म्हणतात. परीक्षा तयार करते नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग, लायसन्स मात्र ज्या त्या राज्याचं नर्सिंग बोर्ड देतं. आपल्याकडून जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून जाणाऱ्या बहुतेक नर्सेस आरएनची (रजिस्टर्ड नर्सची) परीक्षा देतात, पण तिकडे गेल्यावर नव्याने या कामाकडे वळणाऱ्यांना पीएनचा रस्ता कमी वेळाचा पडतो.

१९९४ पासून परीक्षा कॉम्प्युटरवरच होते आणि तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते ठरतं. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ ५ तास. एप्रिल २०२३ पासून केस स्टडी आल्या, म्हणजे एकाच पेशंटची नर्स नोट, व्हायटल्स, लॅब रिपोर्ट समोर ठेवतात आणि त्यावर ६ प्रश्न विचारतात, यातलं काय महत्त्वाचं, त्याचा अर्थ काय, आधी काय करणार, केलेल्याचा उपयोग झाला का, असं पायरी पायरीने.

सगळ्यात जास्त वजन आहे कोऑर्डिनेटेड केअरला, म्हणजे कोणतं काम कोणाचं आणि आधी कोणाकडे बघायचं या भागाला, २०२३ च्या आराखड्यात १८ ते २४ टक्के, आणि माझ्या मते बरेच जण अडकतात ते इथेच. कारण इथे आपलं काम कुठे संपतं ते माहीत असावं लागतं. पेशंट आल्यावरचं पहिलं पूर्ण असेसमेंट आरएनचं, पहिल्यांदा समजावून सांगणं आरएनचं. एलपीएनने माहिती गोळा करायची, आधी शिकवलेलं पक्कं करून घ्यायचं आणि ज्यांची तब्येत स्थिर आहे, पुढे काय होईल याचा अंदाज आहे, असे पेशंट सांभाळायचे. मग प्रश्न येतो की चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्याचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० आहे, एकाचं ऑपरेशन काल झालंय आणि त्याला बऱ्यापैकी दुखतंय, एकाला डिस्चार्जची घाई आहे, आणि थायरॉइड काढलेली बाई म्हणतेय की ओठांभोवती मुंग्या येतायत. वाचताना मुंग्या सगळ्यात किरकोळ वाटतात, पण उत्तर तीच बाई आहे. थायरॉइड काढताना शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, आधी मुंग्या येतात, मग स्नायू आखडतात आणि शेवटी स्वरयंत्राचे स्नायू आवळून श्वासच अडू शकतो. सीओपीडीत ९० चालतं, कारण तिथे ८८ ते ९२ हेच टार्गेट धरतात. नुसता आकडा पाठ असून भागत नाही, तो कोणाचा आहे ते बघावं लागतं, आणि हे ज्याला जमलं त्याच्या हातात पेशंट खरंच सुरक्षित असतो.

औषधांत डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध नीट समजून घ्या, त्यात बाकी बरंच आपोआप येतं. डोस द्यायच्या आधी छातीवर स्टेथोस्कोप लावून पूर्ण १ मिनिट ठोके मोजायचे, मोठ्या माणसाचे ६० च्या खाली असतील तर डोस थांबवायचा आणि कळवायचं. मळमळ, भूक मेलेली, सगळं पिवळसर-हिरवट दिसतंय असं पेशंट म्हणाला तर औषध अंगात जास्त झाल्याचा संशय घ्यायचा. हाच पेशंट फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषधही घेत असेल तर लघवीवाटे पोटॅशियम जातं, ते ३.५ च्या खाली आलं की डिगॉक्सिनचा विषारी परिणाम वाढतो, म्हणून लॅब रिपोर्ट आणि औषधांची यादी शेजारी शेजारी ठेवूनच वाचायची. आणि पोटॅशियम शिरेतून थेट पुश कधीही, कुठल्याही परिस्थितीत द्यायचं नाही, त्याने हृदय थांबतं.

इन्सुलिनमध्ये लवकर काम करणारं रेग्युलर आणि हळू काम करणारं एनपीएच एकाच सिरिंजमध्ये घ्यायचं असेल तर आधी स्वच्छ दिसणारं रेग्युलर, मग गढूळ एनपीएच. ग्लार्जिन हे दिवसभर चालणारं इन्सुलिन कशातच मिसळत नाहीत. शुगर ७० च्या खाली गेली आणि पेशंट शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम साखर पोटात जाईल असं काही, म्हणजे साधारण १२० मिली ज्यूस, आणि १५ मिनिटांनी परत तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडातून काही नाही.

इन्फेक्शन कंट्रोलचं थोडक्यात असं की टीबी, गोवर आणि कांजिण्या हवेतून पसरतात, तिथे एन-९५ मास्क आणि निगेटिव्ह प्रेशरची खोली लागते, फ्लू आणि डांग्या खोकल्याला साधा सर्जिकल मास्क. सी-डिफ या आतड्यातल्या जंतूच्या जुलाबात मात्र सॅनिटायझरवर अवलंबून राहू नका, त्याचे स्पोअर म्हणजे टणक बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, साबण-पाण्यानेच हात धुवायचे.

गणितं सोपी पण भरपूर सराव लागणारी. १००० मिली सलाइन ८ तासांत, सेट १५ थेंबांचा, म्हणजे १ मिलीला १५ थेंब, तर १००० गुणिले १५ भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ३१ थेंब. वजन पाउंडात दिलेलं असतं आणि डोस किलोवर, तेव्हा आधी २.२ ने भागायचं.

इकडे शिकलेल्यांनी औषधांची तिकडची नावं आधीच घोटून ठेवावीत, परीक्षेत जेनेरिक नावंच असतात आणि तीही अमेरिकेतली. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. औषध ओळखीचं, त्याचा अँटिडोटही पाठ, पण नुसतं नाव नवीन म्हणून प्रश्न हातचा जातो, आणि हे टाळायला दोन रंगांच्या पेनने केलेली एक वही पुरते.