नदी नव्हे, डोंगरात शिरलेला समुद्र

बोट गुडवांगेनहून निघाली तशी कठडा धरून उभ्या मायनं विचारलं, "हाई कोनती नदी शे?" शहाद्याच्या माणसाला तापीच आठवणार. दोन्हीकडे उभे कडे, मध्ये अरुंद पाणी. एके ठिकाणी तर अवघं २५० मीटर. आणि खुला समुद्र इथून शंभर किलोमीटरहून लांब.

पण नॉर्वेतला हा नेरॉयफ्योर्ड समुद्रच आहे. ओंजळभर पाणी चाखूनही कदाचित पटलं नसतं, कारण उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी हलकं असतं. ते खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं.

कडे पाण्यापासून १४०० मीटरपर्यंत चढतात. म्हणजे समुद्रातून थेट तोरणमाळपेक्षा उंच भिंत! मला मात्र पाण्याखालचं जास्त विलक्षण वाटतं. हा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची अरुंद चिंचोळी, ज्या मोठ्या सोग्नेफ्योर्डची शाखा आहे, त्याची खोली १३०८ मीटर आहे, आणि तीही आत, डोंगरांमध्ये. मुखाशी तळ वर येतो. तिथे पाणी शे-दोनशे मीटरच.

नदी असं कधीच करणार नाही. ती उताराने धावते आणि समुद्र गाठला की तिची खोदाई संपते. तोरणमाळच्या सीताखाईसारखी दरी पाहा: वर रुंद, तळाशी निमुळती. (तापीचं खोरं वेगळं. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधली जमीन खचली, तिथे तापी वाहू लागली.) हिमनदीला तळाच्या उताराची गरज नसते. मागच्या बर्फाचा रेटा तिला चढावरही ढकलतो. शेकडो मीटर जाड बर्फाचं वजन, बुडाशी रुतलेले दगड. कानस फिरवावी तसा खडक घासला जातो, समुद्रसपाटीच्याही खाली. म्हणून तळ सपाट, बाजू उभ्या. मुखाशी डोंगर संपले की बर्फ पसरतो, पातळ होतो, जोर ओसरतो. तिथे उंबरठा उरतो. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपलं, बर्फ हटला आणि समुद्र आत आला.

कड्याच्या मध्यावरून एक धबधबा सुटला होता. तिथे पूर्वी लहान हिमनदी मोठीला मिळायची. दोघींच्या बर्फाचा वरचा पृष्ठभाग एका पातळीत असला, तरी लहानीचा बर्फ पातळ, तिला तेवढं खोल खोदता आलं नाही. तिची दरी वर लटकत राहिली.

मायनं त्या धारेकडे पाहत हात जोडले. "म्हंजे हाई बी नदीच व्हती," ती म्हणाली.

होती. बर्फाची.