भाजल्यावर पाणी लावले की फोड येतो?

'भाजलेल्या जागी पाणी लावू नकोस, फोड येईल' हा सल्ला नाशिकच्या कितीतरी घरांत आजही मोठ्या खात्रीने दिला जातो. मिसळीची उकळती तर्री हातावर सांडली, की नळ सोडून शोधाशोध सुरू होते ती टूथपेस्टची, नाहीतर हळदीच्या डब्याची. वस्तुतः फोडातले पाणी बाहेरून आलेले नसतेच. उष्णतेने इजा झालेल्या केशवाहिन्या पाझरू लागतात आणि त्यांतून निघालेला द्रव बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांच्यामध्ये साठतो. याला काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो, आणि दरम्यान कोणी हात पाण्याखाली धरला असेल तर खापर त्या पाण्यावर फुटते.

चटका क्षणात बसतो, इजा मात्र क्षणात संपत नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये डुकरांच्या व माणसांच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखवले, की ४४ अंश सेल्सिअसला त्वचा भाजायला सुमारे सहा तास लागतात, पण तिथून ५१ अंशांपर्यंत प्रत्येक वाढत्या अंशागणिक हा अवधी जवळजवळ निम्मा होतो. ६० अंशांना काही सेकंद पुरतात. पेशींतील प्रथिनांची घडी ज्या दुर्बळ बंधांनी टिकून असते, ते बंध एकमेकांच्या आधाराने उभे असल्यामुळे एकदा सुटू लागले की झपाट्याने सुटतात. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे ती घडून येण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, फार मोठी असल्याने तापमान व वेग यांचे नाते सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या समीकरणानुसार तिचा वेग तापमानातील किरकोळ वाढीनेही कित्येक पटींनी चढतो. ४४ अंशांच्या आसपास पेशीची दुरुस्ती या मोडतोडीशी कशीबशी बरोबरी करते, त्यापुढे ती मागे पडते. तर्रीवरचे तेल त्वचेला चिकटून राहते, आणि ते पुसले तरी त्वचेत शिरलेली उष्णता आत झिरपत राहते.

जॅक्सन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९५३ मध्ये जखमेचे तीन पट्टे वर्णिले. केंद्रातला भाग मेलेला असतो, बाहेरचा केवळ लाल होऊन सावरतो, आणि दोहोंमधल्या पट्ट्यात रक्तप्रवाह मंदावलेला असतो. हा मधला पट्टा पुढच्या एक-दोन दिवसांत जगूही शकतो आणि मरूही शकतो. आपले प्रथमोपचार मुख्यतः त्याच्यासाठी असतात.

म्हणून अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून भाजलेली जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी. तीन तासांपर्यंत उशीर झाला असला तरी याचा उपयोग होतो. नाशिकच्या एप्रिलमध्ये मात्र दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणीच चटका देण्याइतके तापलेले असते, तेव्हा नळाखाली हात घालण्याआधी पाणी तपासावे आणि माठातले पाणी संथपणे ओतत राहावे. बर्फ नको, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि त्या मधल्या पट्ट्याचा उरलासुरला रक्तपुरवठाही घटतो. टूथपेस्टने गार वाटते ते मेन्थॉलमुळे, कारण ते थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना फसवते. त्वचेचे तापमान त्याने उतरत नाही.

आता जखमेची खोली कशी ओळखावी? फोड नसून नुसती लाली व आग असेल, तर इजा वरवरची आहे. सावळ्या त्वचेवर ही लाली पटकन दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. फोड, ओलसर गुलाबी तळ आणि तीव्र वेदना ही मधली अवस्था होय. पांढरट, मेणचट किंवा चामड्यासारखी कोरडी जागा फारशी दुखत नसेल तर ती सर्वांत चिंताजनक, कारण तिथले वेदनातंतूच जळालेले असतात. रुग्णाचा बोटांसह तळवा म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण एक टक्का. त्याहून मोठी जखम, चेहरा, हात, पाय, सांधे वा जननेंद्रियावरची जखम, विजेने वा रसायनाने भाजणे, तसेच लहान मूल, वृद्ध वा मधुमेही रुग्ण असल्यास डॉक्टरांकडे जावे.

वरवरच्या जखमा दोन आठवड्यांच्या आत आपोआप भरतात, कारण केसांच्या मुळांशी व घामाच्या ग्रंथींत वाचलेल्या पेशी वर सरकून नवी त्वचा विणतात. श्रेय मात्र मंत्र घालणारा नाहीतर गुणकारी मलमाची जाहिरात घेऊन जाते.

फोड फोडू नये. थंड केल्यावर जखम न चिकटणाऱ्या स्वच्छ पट्टीने सैल झाकावी, वेदनेसाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावे आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते डॉक्टरांना सांगावे. लाली पसरणे, पू, ताप किंवा दोन आठवड्यांनंतरही न भरलेली जागा दिसल्यास पुन्हा दाखवावे.