केसांत लपवलेल्या साळी

दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये सारामाका लोक, म्हणजे मळ्यांतून पळालेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज, पिकवतात त्या भाताच्या एका वाणाला पान्झाचं नाव आहे. पान्झा अठराव्या शतकातली, डच मळ्यावरची गुलाम स्त्री. मळ्यातून जंगलात पळताना तिने केसांत साळी लपवून नेल्या, असं तिचे वंशज पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. फ्रेंच गयाना आणि ब्राझीलमधल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतही अशाच आज्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतात.

ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर टिकते का? टिकते. कांडून पांढरा केलेला तांदूळ रुजत नाही, कारण कांडताना त्याचा अंकुर झडतो. तुसासकट असलेली साळ मात्र कोरडी राहिली तर महिनोन् महिने जिवंत असते. दाट कुरळ्या केसांच्या, टाळूलगत घट्ट घातलेल्या बारीक वेण्यांत असे दाणे सहज दडतात. शिवाय एका दाण्याचं रोप फुटवे धरून शेकडो दाणे देतं. म्हणजे मूठभर बियाण्यावर दोन-तीन हंगामांत शेत उभं राहू शकतं.

यातला पुरावा मला फार मोलाचा वाटतो. आपण खातो तो भात आशियाई. पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी सुमारे ३००० वर्षांपूर्वी नायजर नदीच्या खोऱ्यात वेगळाच भात माणसाळवला, ओरायझा ग्लॅबेरिमा. डच संशोधक टिंडे व्हान आंडेल यांना हा आफ्रिकी भात सुरिनामची राजधानी पारामारिबोच्या बाजारात सापडला. त्याचा जनुकसंच आफ्रिकेतल्या १०९ नमुन्यांशी ताडून पाहिला, तेव्हा सगळ्यात जवळचं नातं निघालं आयव्हरी कोस्टच्या एका वाणाशी. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं.

पण डचांनी बहुतेक गुलाम आणले ते घाना, बेनिन आणि मध्य आफ्रिकेतून. मग आयव्हरी कोस्टचा भात आला कसा? गुलामांची जहाजं किनाऱ्याने जाताना वाटेत धान्य विकत घेत, तशा नोंदी कप्तानांच्या रोजनिशींत आहेत. तेव्हा समुद्र ओलांडताना भात जहाजाच्या शिध्यात असावा. पान्झाची कहाणी त्यापुढची, मळा ते जंगल या वाटेची. जनुकं आणि वेणी दोघी एकाच प्रवासाचे वेगवेगळे टप्पे सांगतात, म्हणून एकीने दुसरीला खोटं ठरवायचं कारण नाही.

कोलंबियातल्या सान बासिलियो दे पालेंके या पळालेल्या गुलामांनी वसवलेल्या गावात तर वेणीच्या वळणांतून पळवाटांचे नकाशे विणले जात, असं सांगतात. असा नकाशा मागे उरत नाही, त्यामुळे तिथे मौखिक परंपरा हाच आधार आहे. बियाणं मात्र उगवत राहतं.

त्या बियाण्याची किंमत डचांनाही कळत होती. जंगलातल्या वस्त्यांवर चालून गेलेल्या त्यांच्या फौजा माणसांसोबत उभी पिकंही नष्ट करत. तरीही सारामाका हटले नाहीत आणि १७६२ मध्ये डचांना तह करून त्यांचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं. सुरिनाममधली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६३ साली, त्यानंतर १०१ वर्षांनी.