नेत्रदाबवाढ, इंजेक्शनोत्तर

नेत्रदाबवाढ, इंजेक्शनोत्तर : डोळ्याच्या पोकळीत औषध टोचल्यानंतर आतला दाब वाढणे. मधुमेहामुळे पडद्याला आलेली सूज, पडद्याची शीर तुंबणे, उतारवयातील पडद्याची झीज अशा विकारांत हे इंजेक्शन देतात. सोलापुरात त्यासाठी शहरातल्यांबरोबर अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडचे रुग्णही येतात.

ही दाबवाढ दोन प्रकारची असते. पहिली तात्काळ. डोळ्यातील काचाभ द्रव (पोकळी भरणारा पारदर्शक गर) सुमारे ४ मिलि.; त्यात ०.०५ मिलि. औषधाची भर पडते आणि डोळ्याचे कवच फारसे ताणले जात नाही. एरवी १० ते २१ मिमी. पारा असणारा दाब त्यामुळे काही क्षण ४०च्याही वर जाऊ शकतो. बहुधा अर्ध्या तासात तो उतरतो. टोचल्यावर लगेच ‘बोटं किती दिसतात?’ असे विचारतात ते उगीच नव्हे. उजेडही कळत नसेल, तर पडद्याचा रक्तपुरवठा थांबल्याची शक्यता असते; अशा वेळी बुबुळाच्या कडेने बारीक सुई घालून थोडे पाणी काढतात.

दुसरी, स्टेरॉइडची, अधिक फसवी. ट्रायमसिनोलोन किंवा डेक्सामेथासोनची विरघळणारी कांडी यांमुळे डोळ्यातील पाण्याचा निचरा करणारी जाळी हळूहळू अडते. कांडीनंतरचा दाब साधारण दुसऱ्या महिन्यात सर्वांत जास्त असतो. ट्रायमसिनोलोननंतर तो सुमारे तिघांतील एकाचा वाढतो. दुखत काही नाही. उलट सूज ओसरल्याने नजर सुधारलेली असते. ‘दिसायला लागलंय की, मग परत कशाला जायचं?’ म्हणत गावाकडचा माणूस तपासणीची फेरी टाळतो, तेव्हाच नेमका दाब चढत असतो. असाच राहिला तर काचबिंदू होऊन दृष्टीची नस सुकते, आणि गेलेली नजर परत येत नाही.

आधीच काचबिंदू असलेल्यांना किंवा घरात तो असलेल्यांना धोका जास्त. उपचार बहुतेकदा थेंबांनी होतो; क्वचित शस्त्रक्रिया लागते. मात्र थेंब निवडताना रुग्णाचा धंदाही विचारावा. यंत्रमागाच्या तुसात आयुष्य काढलेल्या विणकराला दमा असेल, तर टिमोलॉल हे दाब उतरवणारे थेंब टाळतात. मधुमेहाने मूत्रपिंड अशक्त झालेल्याला दाब उतरवणारी ॲसिटाझोलामाइडची गोळीही जपूनच द्यावी लागते.