किती वॅटची घेऊ? सांगलीतल्या घरगुती 'सिस्टीम'ची पार्श्वभूमी

परवा विश्रामबागच्या एका पोरानं विचारलं की दहा-बारा हजारात गाणी ऐकायला काय घ्यावं, आणि पुढचा प्रश्न काय तर, "किती वॅटची घेऊ?" तू ऐकतोस काय, खोली केवढी, यातलं काही नाही, डायरेक्ट वॅट. त्याची चूक नाही म्हणा, आपल्याकडं दुकानात हाच प्रश्न शिकवला गेलाय.

ग्रामोफोनचा काळ मी बघितलेला नाही. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची आणि मिरजेत मुक्काम केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग बसवून दाखवले, एवढं ऐकून माहितीय. त्यानंतर व्हॉल्व्हचा रेडिओ, लाकडी पेटी, एकच स्पीकर, मीडियम वेव्हवर सांगली आकाशवाणी. खालचा-वरचा आवाज बेताचाच, पण माणसाचा गळा स्वच्छ. नाट्यपदं आणि भावगीतं ऐकणाऱ्यांना आणखी काय पायजे? तेव्हा घरात वॅट हा शब्द फक्त बल्बसाठी होता.

कॅसेट बाहेर आली १९६३ ला, पण आपल्या घराघरात खरी घुसली ती ऐंशीच्या दशकात. आखातातनं आलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकाच पेटीत, शोकेसमध्ये आणि वर क्रोशाचा रुमाल. मग डेक आला, आणि डेकला लावायला लोकल बनवलेला अॅम्प्लिफायर. आत बहुतेक वेळा ४४४० नंबरची आयसी, म्हणजे अख्खा अॅम्प्लिफायर मावणारी चिप, जी कंपनीच्या कागदाप्रमाणं दोन चॅनेलला ६-६ वॅट देते, ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकाच स्पीकरला जोडली तर १९ च्या आसपास. डब्यावर मात्र बिनधास्त '२०० वॅट' छापलेलं. कोणी माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवायचं, माठ घुमायचा आणि त्यालाच आम्ही बेस म्हणायचो.

नव्वदीत तो शब्द आला ज्यानं सगळा घोळ घातला, पीएमपीओ. म्हणजे पीक म्युझिक पॉवर आउटपुट. वजनदार नाव, पण मोजायची ठरलेली पद्धतच नाही. क्षणाच्या हजाराव्या भागात, आवाज कितीही फाटला तरी चालेल, कागदावर जास्तीत जास्त काय निघू शकतं, त्यात चॅनेलांची बेरीज, आणि वर विकणाऱ्याच्या मनाला येईल तो गुणाकार. म्हणून हातात उचलून नेता येईल अशा पेटीवर '१००० वॅट' लिहिलेलं असायचं आणि तीच पेटी १२ व्होल्ट २ अँपियरच्या अडॅप्टरवर चालायची. बारा दुणे चोवीस. चोवीस वॅट आत जातायत तर हजार बाहेर कुठनं येणार, विहिरीत नाही ते पोहऱ्यात? अमेरिकेत १९७४ लाच नियम झाला होता की घरगुती अॅम्प्लिफायरची जाहिरात करताना सलग मिळणारी पॉवर सांगा. आपल्याकडं आकडा मोठा तो माल भारी, एवढंच चाललं.

जरा जाणकार गिऱ्हाईक 'आरएमएस सांगा', म्हणजे सलग मिळणारे खरे वॅट सांगा, म्हणायला लागलं. ते बरंच बरं, पण तांत्रिकदृष्ट्या तेही वाकडंच, कारण आरएमएस (रूट मीन स्क्वेअर, एका प्रकारची सरासरी) असतो व्होल्टेजचा, त्यातनं निघते ती सरासरी पॉवर. शिवाय कितीतरी खोक्यांवर तो आकडा १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला असतो, म्हणजे आवाज चांगलाच चिरकल्यावर.

आणि समजा आकडा खरा निघाला, तरी वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. खरं बघायचं ते स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. ९० वाला १० वॅटमध्ये जेवढा वाजतो तेवढा वाजायला ८४ वाल्याला ४० लागतात. हे दुकानात मला एकदाही कोणी सांगितलं नाही, "साहेब, काच हलते बघा" हे मात्र प्रत्येकानं सांगितलं.

त्या काच हलवण्यातनंच पुढची २.१ आली. फक्त खालच्या आवाजाचा एक खोका, म्हणजे सबवूफर, आणि मुठीएवढे दोन डबे. मुठीएवढ्या डब्यांना खालचा आवाज पेलत नाही, मग पुरुषाच्या गळ्याचा खालचा भाग कोपऱ्यातल्या खोक्यातनं येतो आणि गवय्या अर्धा टीव्हीजवळ, अर्धा सोफ्याखाली. डग्गा घुमतो, शब्द पातळ. मिरवणुकीतली गाणी आवडत असतील तर तेच घ्या, मजा आहे त्यात, मी नावं ठेवत नाही (थोडी ठेवतो). पण भजन, नाट्यपद, ख्याल ऐकणाऱ्या घरात पाच-सहा इंची वूफर (खालच्या आवाजाला) आणि ट्विटर (वरच्या बारीक आवाजाला) असलेल्या स्पीकरची साधी जोडी, खऱ्या २०-३० वॅटच्या अॅम्प्लिफायरवर, बारा बाय दहाच्या खोलीला उरून पुरते. आमच्याकडची अशी एक जोडी २०१९ च्या पुरात गेली, तिच्या बॉक्सचं एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, पाण्यानं पावासारखं फुगलं. प्लायचा जुना बॉक्स वाळवून अजून वाजतोय.

आता साउंडबार आणि ब्लूटूथ. पीएमपीओ हा शब्द खोक्यावर फारसा दिसत नाही, त्याच्या जागी 'पीक' आलाय. त्या पोराला म्हटलं, मोबाईलमध्ये मिरजेच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन जा, दुकानात लाव, जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणीत नाद, सुटी सुटी ऐकू येते का नुसती गुणगुण येते ते बघ. तो म्हणाला, "काका, पण मी तंबोरा ऐकतच नाही." मग म्हटलं, जे ऐकतोस ते घेऊन जा, आणि दुकानवाल्याला बेसचं बटण शून्यावर ठेवायला सांग.