कॅनडातलं मूलनिवासी लोकांचं नाटक आणि स्टेज मॅनेजरची वही

कॅनडात एखाद्या मूलनिवासी वस्तीत गावकरीच नट होऊन नाटक उभं करतात, तेव्हा स्टेज मॅनेजरची नेहमीची कामं काही चुकत नाहीत. तालमींचं वेळापत्रक, प्रॉपर्टीचं (नाटकात वापरायच्या वस्तूंचं) टेबल, प्रकाश आणि ध्वनीचे क्यू (बदलाचे इशारे), सगळं असतंच. पण त्याच्या वहीत आणखी काही नोंदी असतात. अमुक गाण्याची परवानगी कोणत्या घराण्याने, कोणासमोर दिली? धुरीसाठी आगीचा अलार्म किती ते किती बंद? प्रेक्षकांना आधार देणारी माणसं कोणत्या दाराशी बसणार? याला 'सांस्कृतिक संवेदनशीलता' असं गुळमुळीत नाव देण्याची पद्धत आहे. या नोंदींमागच्या प्रथा जुन्याच आहेत, पण त्या वहीत इतक्या काटेकोरपणे का उतरल्या, हे सांगायला कायद्याचा इतिहास पाहावा लागतो.

1884 साली कॅनडाच्या संसदेने 'इंडियन ॲक्ट'मध्ये, म्हणजे मूलनिवासींसाठीच्या कायद्यात, दुरुस्ती करून पॉटलॅचवर बंदी घातली. ती पुढच्या वर्षी लागू झाली. शिक्षा दोन ते सहा महिने तुरुंग. पश्चिम किनाऱ्यावरच्या समाजांत पॉटलॅच म्हणजे मेजवानी, दान आणि मुखवट्यांचे नाच. नाव, वारसा, एखादं गाणं गाण्याचा हक्क हे सगळं तिथे जमलेल्यांच्या साक्षीने पक्कं होई. 1895 मध्ये बंदीची व्याप्ती वाढली. 1914 मध्ये तर पश्चिमेकडच्या प्रांतांत पारंपरिक पोशाखात राखीव क्षेत्राबाहेर (मूलनिवासींना नेमून दिलेल्या जमिनीबाहेर) नाचायलाही सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागू लागली. आपल्याकडे संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. तिथे नाचणाऱ्या माणसालाच परवाना लागत होता.

1921 च्या डिसेंबरात याच पश्चिम किनाऱ्याजवळच्या व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला. क्वाक्वाकावाक्व समाजाच्या 45 जणांवर खटले झाले. मुखवटे, ढालीच्या आकाराचे तांब्याचे मानाचे पत्रे आणि नाचाचं साहित्य सरकारच्या स्वाधीन केलं तर शिक्षा स्थगित, अशी अट घालण्यात आली. ज्यांनी ती मानली नाही ते तुरुंगात गेले. साहित्य ओटावा आणि टोरोंटोच्या संग्रहालयांत पोचलं, काही न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाला विकलं गेलं. 1951 च्या नव्या कायद्यातून बंदी गळाली, पण वस्तू परत यायला आणखी पाव शतकाहून जास्त काळ गेला. त्यांच्यासाठी याच समाजाच्या गावांत, केप मज इथे 1979 मध्ये आणि अलर्ट बे इथे 1980 मध्ये, संग्रहालयं उघडली.

म्हणून आज मुखवटा, पिसं, समारंभाचा पोशाख हे 'प्रॉपर्टी' धरत नाहीत. त्यांचं टेबल वेगळं असतं आणि स्टेज मॅनेजर त्यांना हात लावत नाही. ज्याची वस्तू तोच मांडतो, तोच उचलतो. बॅकस्टेजची माणसं घाईत हे विसरतात, म्हणून टेबलाभोवती टेप लावून सीमा आखलेली बरी. गरुडाचं खरं पीस जमिनीवर पडलं तर अनेक समाजांत ते रीतसर उचलेपर्यंत सगळं थांबतं, आणि प्रयोगही थांबवावा लागतो. दृश्यात पीस पडणारच असेल तर नकली वापरावं. कातडी ढोल दमट हवेत सैल पडतो. पडद्याआधी अर्धा तास तो गरम करायची वेळ वेळापत्रकात धरलेली असते. शेकोटी शक्य नसली तर हेअर ड्रायर चालतो.

बंदी उठल्यावर मूलनिवासींच्या हाती रंगमंच लगेच आला असं नाही. 1967 मध्ये व्हँकुव्हरमध्ये रीटा जो या मूलनिवासी तरुणीची शोकांतिका गाजली. नाटककार बिगर-मूलनिवासी, नायिकेच्या भूमिकेत गोरी अभिनेत्री. वडिलांच्या भूमिकेत मात्र चीफ डॅन जॉर्ज हे मूलनिवासी अभिनेते होते. 1974 मध्ये जेम्स बुलर यांनी मूलनिवासींसाठी नाट्यशाळा काढली. टोरोंटोत 1982 मध्ये 'नेटिव्ह अर्थ' ही मूलनिवासी नाट्यसंस्था उभी राहिली, आणि 1984 मध्ये मॅनिटूलिन बेटावर 'डेबाजेमुजिग'. राष्ट्रीय कलाकेंद्रात मूलनिवासी रंगभूमीचा स्वतंत्र विभाग सुरू व्हायला 2019 उजाडलं.

आता धुरीचं. अनेक समाजांत तालमीआधी सेज किंवा स्वीटग्रास या सुगंधी वनस्पती जाळून धुरी घेतात. मोठी फजिती होते ती इथेच: रंगमंचावरचा डिटेक्टर बंद केलेला असतो, धुरी मात्र मेकअपरूममध्ये घेतली जाते आणि बाहेरच्या पॅसेजमधला डिटेक्टर वाजतो. मग अख्खी इमारत रिकामी. इमारतीच्या व्यवस्थापकाला आधी लेखी कळवायचं, नेमका तेवढाच विभाग बंद करायचा, अग्निशामक घेऊन एक माणूस उभा ठेवायचा, धूर निवळल्यावर यंत्रणा चालू करून वेळ लिहायची. पण धुरी सगळ्यांचीच प्रथा नाही. पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी सीडर झाडाच्या डहाळ्या वापरतात. अतिउत्तरेकडचे इन्युइट लोक तेलाचा दिवा, कुडलिक, लावतात. तिथे प्रश्न धुराचा नाही, उघड्या ज्योतीचा, आणि त्याची परवानगी वेगळी. एका समाजाची यादी दुसऱ्याला लावली की पहिल्याच दिवशी विश्वास जातो.

आधार देणाऱ्या माणसांची नोंद, सरकार आणि चर्च यांनी मूलनिवासी मुलांसाठी चालवलेल्या निवासी शाळांमुळे आली. तिथे मुलांना घरापासून तोडलं, त्यांची भाषा बोलू दिली नाही. त्यावरचं दृश्य पाहताना प्रेक्षकांत त्या शाळांतून आलेले वृद्ध असू शकतात. म्हणून बाहेर पडायचा रस्ता अंधारातही मोकळा लागतो आणि शांत खोली आधीच ठरवावी लागते. 2008 ते 2015 दरम्यान या शाळांबद्दल काम केलेल्या सत्यशोधन आयोगाच्या कार्यक्रमांत अश्रू पुसलेले कागद गोळा करून पवित्र अग्नीत अर्पण करत. काही नाट्यगृहांनी ही रीत घेतली, तेव्हा ते कागद कचऱ्यात जाऊ नयेत हे सफाईवाल्यांना सांगणं स्टेज मॅनेजरकडे आलं.

वेळापत्रकात दहा टक्के तरी मोकळी जागा ठेवावी. गावात मृत्यू झाला की सभागृह अंत्यविधीसाठी जातं आणि तालीम रद्द होते. सामन माशांच्या किंवा मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीच्या हंगामात नट मिळत नाहीत. ज्येष्ठांचं मानधन त्याच दिवशी रोख द्यायचं, महिन्याभराने येणारा धनादेश नको.

शेवटी क्यू लिहिलेली संहिता. घराण्याच्या मालकीचं गाणं त्यात शब्दशः उतरवत नाहीत. जागा रिकामी ठेवून ढोलाच्या कितव्या ठोक्यावर प्रकाश बदलायचा एवढंच लिहितात, आणि प्रयोग संपल्यावर ध्वनिमुद्रणं कोणाकडे राहणार हे तालमी सुरू होण्याआधीच लेखी ठरवतात.