स्वविडंबन (उतारवयातील अ‍ॅक्शन नायकाचे)

मारधाडपटांवर मोठ्या झालेल्या नटाने वय उतरणीला लागल्यावर स्वतःच्याच नावाने, किंवा स्वतःशी उघड साम्य असलेल्या भूमिकेत, आपल्या प्रसिद्धीची आणि अजिंक्य प्रतिमेची पडद्यावर थट्टा करणे. पाहुणा कलाकार म्हणून दोन मिनिटे हसवून जाणे यात धरत नाहीत. थट्टा कथेच्या मुळाशी असावी लागते.

तमाशातला सोंगाड्या राजाची फिरकी घेतो. इथे राजाच सोंगाड्या होतो. ‘लास्ट अ‍ॅक्शन हीरो’मध्ये (१९९३) अर्नोल्ड श्वार्झनेगर पडद्यावरचा नायक आणि तो साकारणारा नट अशा दोन्ही रूपांत दिसतात, आणि नायक नटाला तोंडावर सांगतो की तू मला आवडत नाहीस. मात्र तेव्हा ते पंचेचाळिशीत, ऐन भरात होते. त्यामुळे ती थट्टा खेळकरच राहिली.

या प्रकाराचा खरा कस ‘जेसीव्हीडी’त (२००८) लागतो. १९६० साली ब्रुसेल्समध्ये जन्मलेले मारधाडपटांचे नायक ज्याँ-क्लोद व्हान डॅम त्यात स्वतःचीच भूमिका करतात. सुरुवातीला एका सलग शॉटमध्ये ते माणसांमागून माणसे लोळवत जातात. शेवटी सेटचा भाग कोसळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. धापा टाकत ते दिग्दर्शकाला सांगतात, मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, हे सगळे एका दमात करणे आता जड जाते. पुढे मुलीच्या ताब्याच्या खटल्यात त्यांचेच हिंसक चित्रपट त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडले जातात. बाबा टीव्हीवर दिसले की मैत्रिणी चिडवतात, असे मुलगी सांगते. ज्या कामाने नाव दिले तेच काम घरात आड येते, आणि इथे हसू आपोआप थांबते.

हिंदीत ‘एके व्हर्सेस एके’ (२०२०) जवळचे उदाहरण. त्यात स्वतःचीच भूमिका करणारे अनिल कपूर निव्वळ अ‍ॅक्शन नायक नव्हेत. तरी अपहृत मुलीचा ठावठिकाणा कळावा म्हणून जखमी बापाला गर्दीसमोर आपल्या जुन्या गाण्यावर नाचावे लागते, तो प्रसंग या प्रकारातला अस्सल आहे. पोलीस ठाण्यातही त्यांचा आकांत अभिनयच समजला जातो.

अशा चित्रपटाला प्रेक्षकाची आठवण लागते. नायकाने पूर्वी किती जणांना लोळवले हे ठाऊक नसेल, तर त्याच्या दमण्यात गंमतही नाही आणि दुःखही नाही. त्या दृष्टीने सोलापूरचा प्रेक्षक मुरलेला आहे. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी नित्य कानी पडतात. पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली या विणकर समाजाची घरे मोठ्या संख्येने आहेत आणि तिथे तेलुगू चित्रपट मूळ भाषेत पाहिले जातात. हिंदी नायकाइतकाच तेलुगू नायकही इथे घरचा. नायकाचा पहिला प्रवेश म्हणजे शिट्ट्यांचा क्षण. विडंबनाची धार नेमकी त्या शिट्टीवरच चालते.

दक्षिणेत मात्र वाट वेगळी आहे. रजनीकांत सार्वजनिक जीवनात टक्कल आणि पांढरी दाढी लपवत नाहीत, पण पडद्यावरचा दरारा सहसा शाबूत ठेवतात. तेलुगूतले चिरंजीवी (जन्म १९५५) आणि बालकृष्ण (जन्म १९६०) साठी ओलांडूनही नायक म्हणूनच उभे राहिले. यांच्यापैकी कुणी हा प्रकार मनापासून हाताळला, तर महाराष्ट्रात त्याची पहिली खरी परीक्षा सोलापूरच्या पूर्व भागातच होईल.